मुंबईचीं एकोणचाळीस मिनिटें



गेल्या महिन्याच्या वाचनांत ज्या चमत्कारिक गोष्टी हातीं लागल्या, त्यांपैकीं बहुतेक घड्याळासंबंधींच्या निघाल्या. तेव्हां आज घड्याळाविषयींच बोलावें म्हणतों.

दुपारीं बारा वाजतां सूर्य माथ्यावर येतो, असें आपण सहज म्हणून जातों. मुंबईंत तो वर्षांतून एकाहि दिवशीं त्या वेळीं मध्यान्हीं येत नाहीं! सरासरी पाहिली तर त्याला १२ वाजून ३९ मिनिटें होतात. आपली प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२॥ अंशांच्या रेखावृत्तावरून ठरलेली आहे आणि मुंबई त्याच्या पश्चिमेस साडेनऊ अंशांहून कांहींशी अधिकच दूर आहे. पृथ्वीला एक अंश फिरावयास चार मिनिटें लागतात. पुढील गुणाकार श्रोत्यांनींच करावा.

ही प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ रोजीं सुरू झाली. तत्पूर्वीं मुंबईचें घड्याळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटें पुढें असे, आणि आगगाड्या मात्र मद्रासच्या वेळेनें धांवत. गांवांतल्या घड्याळावर विसंबून स्टेशनवर जाणाऱ्यास अर्ध्या तासाचा फरक ध्यानांत ठेवावा लागे.

प्रश्न केवळ कांटे पुढें सरकविण्याचा असता, तर कोणी फारशी तक्रार केली नसती. परंतु भोंगा घड्याळाच्या त्याच आंकड्यावर वाजावयाचा, म्हणजे गिरणींतल्या मजुरानें रोज एकोणचाळीस मिनिटें आधीं उठावयाचें. साहेबाच्या कचेरीस ही गोष्ट किरकोळ वाटली असेल. पहाटे चूल पेटवून भाकरी भाजणाऱ्या बाईस ती तशी वाटणें शक्य नव्हतें. त्याच जानेवारींत मुंबईच्या गिरणीकामगारांनीं नव्या वेळेविरुद्ध काम बंद पाडलें.

आणि महिना तरी कोणता निवडला होता! वर्षाचा सर्वांत लहान दिवस डिसेंबरच्या २१-२२ तारखेस येतो. तेव्हां सर्वांत उशिराचा सूर्योदयहि त्याच दिवशीं, असें कोणासहि वाटेल. वस्तुस्थिति तशी नाहीं. मुंबईंत सर्वांत लवकरचा सूर्यास्त नोव्हेंबरच्या अखेरीस होऊन जातो, आणि सर्वांत उशिराचा सूर्योदय, आजच्या घड्याळाप्रमाणें सव्वासातच्या सुमारास, संक्रांतीच्या आसपास होतो. पृथ्वीचा आंस कललेला आणि तिची कक्षा लंबवर्तुळाकार. त्यामुळें या दिवसांत सूर्याचा मध्यान्ह रोज थोडाथोडा पुढें ढकलला जातो, कधीं जवळजवळ अर्धा मिनिट. दिवस वाढूं लागला तरी सकाळ काळोखीच राहते, ती या कारणानें. म्हणजे कामगारांवर नवी वेळ लादली गेली ती नेमकी अंधाऱ्या सकाळींच.

मुंबईच्या महापालिकेनेंहि आपल्या घड्याळांवर जुनीच वेळ पुष्कळ वर्षें चालू ठेविली. एकाच रस्त्यावर दोन वेळा! भेट ठरवितांना ‘पांच वाजतां’ एवढें सांगून भागत नसे. कोणत्या घड्याळाचे पांच, हेंहि विचारावें लागे. कलकत्त्यानें तर आपली वेळ, जी प्रमाणवेळेच्या २४ मिनिटें पुढें होती, १९४८ पर्यंत सोडली नाहीं.

घरबसल्या पडताळा पाहावयाचा असल्यास एक सोपी युक्ति आहे. मे महिन्याच्या मध्यास आणि पुन्हां जुलैच्या अखेरीस मुंबईंत सूर्य बरोबर डोक्यावर येतो. जुलैंत ढगांचा भरंवसा नाहीं, म्हणून मे गांठावा. गच्चीवर एक काठी सरळ उभी करावी आणि तिची सावली बुडाशीं नाहींशी होईपर्यंत पाहात राहावें. त्या क्षणीं घरांतलें घड्याळ १२ वाजून ३५ मिनिटांच्या आसपास दाखवील.