खोटी फिर्याद आणि सिद्ध न झालेली फिर्याद



गावात घर फुटले, मुडदा पडला, तर त्याची वर्दी पाटलाकडे आणि ठाण्यावर पोचविणे हे एके काळी महार वतनदाराचे काम होते. रात्र असो, पाऊस असो, त्याने जावयाचे. आपल्या धाराशिव जिल्ह्यातच, कसबे तडवळे येथे, 1941 च्या फेब्रुवारीत महार-मांग वतनदारांची परिषद भरली आणि तिला स्वतः बाबासाहेब उपस्थित होते. पुढे वतने गेली. दुसऱ्यांच्या वर्द्या वाहणाऱ्याचा नातू आज स्वतःची वर्दी घेऊन ठाण्याची पायरी चढतो, तेव्हा मात्र पहिला प्रश्न येतो : हे खरे कशावरून?

माझ्याकडे एक शेतमजूर बाई आल्या. हातात न्यायालयाचे समन्स होते. मजुरीचे पैसे मागितले म्हणून शेतमालकाने जातीवरून शिवीगाळ करून काठीने मारले, अशी त्यांची फिर्याद होती. दोन्ही साक्षीदार त्याच मालकाच्या शेतावर राबणारे. त्यांनी पोलिसांना सांगितले, आम्ही काही पाहिले नाही. पोलिसांनी ‘ब’ समरी मागितली आणि दंडसंहितेच्या कलम 182 खाली उलट बाईंवरच खटला गुदरला. बाई मला म्हणाल्या, “वकीलसाहेब, मार मला बसला, अन् आरोपीच्या पिंजऱ्यात मीच उभी ऱ्हायाची?”

ही ‘समरी’ काय आहे ते प्रत्येकाने समजून घेतले पाहिजे. आपल्या राज्यात पोलीस तपास बंद करताना तीन अक्षरांपैकी एक लावतात. गुन्हा घडला, पण आरोपी सापडला नाही, तर ‘अ’. फिर्याद द्वेषबुद्धीने केलेली व खोटी, तर ‘ब’. खरी किंवा खोटी असे म्हणता येत नाही, गैरसमजाने झाली किंवा प्रकरण दिवाणी स्वरूपाचे आहे, तर ‘क’. ‘क’ आणि ‘ब’ यांत एका अक्षराचे अंतर, परंतु ‘ब’ लागला की फिर्यादी आरोपी होऊ शकतो. साक्षीदार भ्याला म्हणून फिर्याद सिद्ध होत नाही. तेवढ्याने ती खोटी ठरते काय? कायदाही तसे म्हणत नाही. माहिती खोटी आहे हे देणाऱ्यास ठाऊक होते किंवा तसे तो मानीत होता, हे सिद्ध करण्याचा भार सरकारवर आहे. बाईंच्या खांद्यावरील वळाची नोंद त्याच सायंकाळच्या सरकारी दवाखान्याच्या कागदावर होती. अशा फिर्यादीला ‘ब’ लागतोच कसा?

बचावाचा दुसरा मुद्दा कार्यपद्धतीचा होता. अशा खटल्याची दखल न्यायालयाने केव्हा घ्यावी? ज्या अधिकाऱ्यास माहिती दिली त्याने, किंवा त्याच्या वरिष्ठाने, स्वतः लेखी तक्रार केली तरच. एका पटवाऱ्याने तहसीलदारास दिलेल्या वर्दीवरून पोलिसांनीच खटला भरला. तहसीलदाराची लेखी तक्रार नव्हती, म्हणून 1962 साली दौलत राम प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. आमच्या प्रकरणात कागदावर सही होती ती फिर्याद घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या हाताखालच्या माणसाची. शिवाय समरी मंजूर करण्यापूर्वी मूळ फिर्यादीस नोटीस देऊन त्याचे म्हणणे ऐकावे, हा 1985 च्या भगवंत सिंग प्रकरणाचा दंडक. बाईंना नोटीस मिळालीच नव्हती.

1 जुलै 2024 पासून हीच कलमे नव्या न्याय संहितेत 217 व 248 झाली आहेत आणि शिक्षा वाढली आहे. 217 खाली सहा महिन्यांऐवजी एक वर्ष; 248 खाली सामान्यतः पाच वर्षे, आणि खोटा आरोप गंभीर गुन्ह्याचा असल्यास दहा वर्षांपर्यंत. लेखी तक्रारीची अट मात्र नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 215 मध्ये कायम आहे.

आता एक कडू गोष्ट. बाईंच्या अर्जात मारणारे पाच होते. मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, दोघे. उरलेली तीन नावे अर्ज लिहून देणाऱ्या एका हितचिंतकाने घातली होती, प्रकरण वजनदार व्हावे म्हणून! पोलिसांच्या हाती सर्वांत मोठे हत्यार त्या तीन नावांनी दिले. पंचशीलातील चौथे शील आपण विहारात म्हणतो. ते अर्ज लिहितानाही पाळावयाचे असते. आपल्यातला कोणी जाणूनबुजून खोटी फिर्याद देईल, तर त्याचेही वकीलपत्र मी घेईन, पण त्याची पाठ थोपटणार नाही.

परंतु एकाच्या खोटेपणावरून सबंध समाजास खोटे ठरविणे निराळे. कराडच्या शासकीय औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयातील एका कर्मचाऱ्याने 2006 साली फिर्याद दिली. अधिकाऱ्यांवर खटला भरण्यास वरून मंजुरी नाकारली गेली, म्हणून पोलिसांनी ‘क’ समरी मागितली; न्यायालयाने ती मानली नाही. मंजुरी नाकारणाऱ्याविरुद्ध 2016 साली दुसरी फिर्याद झाली. त्यातूनच 20 मार्च 2018 रोजी महाजन प्रकरणाचा निकाल आला आणि अत्याचारप्रतिबंधक कायद्याच्या दुरुपयोगाचे कारण देऊन देशभर प्राथमिक चौकशीची व अटकेपूर्वी परवानगीची अट लादली गेली. 2 एप्रिलला देश बंद झाला, ऑगस्टमध्ये संसदेने कलम 18-अ आणले. 1 ऑक्टोबर 2019 रोजी न्यायालयाने आपले ते निर्देश मागे घेतले आणि एखाद्या वर्गालाच खोट्या फिर्यादी देणारा मानणे समानतेच्या विरुद्ध आहे, असा निर्वाळा दिला. फेब्रुवारी 2020 मध्ये 18-अ देखील वैध ठरले. ठाण्यात मात्र जुना प्रश्न अजून विचारला जातोच.

बाईंवरील खटला काढून टाकला गेला. मूळ फिर्याद पुन्हा तपासाला गेली आहे, केवळ दोन नावांसह. एका साक्षीदाराने त्या मालकाचे काम सोडले आहे आणि तो येतो म्हणतो. अत्याचारप्रतिबंधक कायद्याच्या कलम 15-अ मध्ये साक्षीदारास प्रवासखर्चाचा हक्क आहे; त्याचा अर्ज मी लिहून ठेवला आहे.