ॲम्प घ्यावा जागा पाहून

(टेंभी नाका, ठाणे येथील व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



परीक्षा संपल्या की आपल्याकडे घरोघरी गिटारचा हट्ट सुरू होतो. गिटार येते, क्लास लागतो आणि पाठोपाठ ॲम्पचा प्रश्न उभा राहतो. दुकानदार वॉट सांगतो, मित्र कंपनीचं नाव सांगतो, वडील बजेट सांगतात. हा ॲम्प वाजणार कुठे, हे मात्र कुणी विचारत नाही. पहिला प्रश्न तोच असला पाहिजे, हे सांगण्यासाठी मी आज इथे उभा आहे.

आधी ॲम्पचं काम समजून घेऊ. इलेक्ट्रिक गिटारचं अंग बहुधा भरीव लाकडाचं असतं, म्हणून तिचा स्वतःचा आवाज फार बारीक. तारेचं कंपन पिकअप टिपतो आणि त्याचा अगदी क्षीण विद्युतप्रवाह करतो; तो वाढवून स्पीकरमधून ऐकवणं हे ॲम्पचं काम. नवरात्रात देवीच्या मिरवणुकीत याच नाक्यावर बेंजो पार्टी वाजते. त्या विजेवरच्या बेंजोचं तंत्र हेच. सतारीला जसा भोपळा, तसा या वाद्यांना ॲम्प. तो वाद्याचाच अर्धा भाग आहे. म्हणून सगळे पैसे गिटारवर घालून उरलेल्या चिल्लरीत ॲम्प आणू नये. थोडी साधी गिटार आणि बरा ॲम्प ही जोडी महागड्या गिटारीला आणि खरखरणाऱ्या डब्याला कधीही भारी पडते.

आता वॉट. १० वॉटपेक्षा २० वॉटचा ॲम्प दुप्पट मोठा वाजेल, असं आपण धरून चालतो. कान असा हिशेब करत नाही. शक्ती दुप्पट केली की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. लक्ष देऊन ऐकलं तर कळावा एवढाच तो फरक. आवाज कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे शक्ती दहापट हवी. स्पीकरची कार्यक्षमताही यात येते. गिटारच्या ॲम्पमधला चांगला १२ इंची स्पीकर अवघ्या एका वॉटवर, एक मीटर अंतरावर, सुमारे ९७ डेसिबल आवाज देतो. निवासी भागात दिवसाची कायदेशीर मर्यादा आहे ५५ डेसिबल. यावरून ध्यानात येईल, की दहा बाय बाराच्या खोलीत एक वॉटसुद्धा पुरून उरतो.

म्हणून घरच्या रियाजासाठी ५ ते २० वॉटचा, साडेसहा किंवा आठ इंची स्पीकरचा ॲम्प पुष्कळ झाला. विकत घेताना दोन गोष्टी पाहा. हेडफोनची सोय हवी, म्हणजे रात्रीचा रियाज शेजाऱ्यांची झोप न मोडता होतो. मोबाइल जोडायला ऑक्स किंवा ब्लूटूथ हवं, म्हणजे तालाबरोबर वाजवता येतं. शंभर आवाजांची यादी दाखवणाऱ्या ॲम्पला भुलू नका. त्याचा साधा, स्वच्छ आवाज ऐका, आणि तोही हळू वाजवून. काही ॲम्प मोठ्याने वाजवले तरच बरे वाटतात; आपल्याला तर बहुतेक वेळ हळूच वाजवायचं आहे. दुकानात जाताना स्वतःची गिटार घेऊन जा. तिथल्या महागड्या गिटारवर कुठलाही ॲम्प गोड लागतो.

कार्यक्रमाचं गणित वेगळं. दिवाळी पहाटला ठाण्यात राम मारुती रोडवर, तलावपाळीवर, डोंबिवलीत फडके रोडवर तरुण गर्दी करतात, गाणी होतात. कॉलेजचे कार्यक्रम असतात, सोसायटीचा गणपती असतो. ड्रम असलेल्या बँडमध्ये रियाजाचा छोटा ॲम्प बुडून जातो. तिथे ४० ते ५० वॉटचा, दहा किंवा बारा इंची स्पीकरचा ट्रान्झिस्टर ॲम्प घ्यावा. हल्ली याच वर्गातल्या काही ॲम्पना शक्ती अर्ध्या वॉटपर्यंत खाली आणायचं बटण असतं. ज्याला घर आणि स्टेज दोन्ही एकाच ॲम्पवर भागवायचं आहे, त्याने असाच शोधावा. त्याहून मोठा नको. समोरच्या लोकांपर्यंत आवाज पोचवण्याचं काम साउंडवाल्यांच्या सिस्टिमचं आहे. ॲम्पला माइक लावावा किंवा त्याच्या लाइन आउटमधून मिक्सरला वायर द्यावी.

हा धडा जगाने मोठी किंमत देऊन घेतला. १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्स वाजवत होते. त्यांच्याकडे वॉक्स कंपनीचे १०० वॉटचे ॲम्प होते आणि समोर पन्नास हजारांहून अधिक माणसं. प्रेक्षकांच्या आरोळ्यांत वादकांना स्वतःचंच वाजवणं धड ऐकू येत नव्हतं. पुढे मोठ्या साउंड सिस्टिम आणि वादकांना ऐकवणारे स्टेज मॉनिटर आले तेव्हा हा प्रश्न सुटला. नुसत्या ॲम्पच्या वॉटने तो सुटला नसता.

स्टेजवर ॲम्प कसा ठेवता, याला फार महत्त्व आहे. बहुतेक मुलं तो जमिनीवर ठेवतात आणि त्याच्यासमोर दोन पावलांवर उभी राहतात. स्पीकरचा तीक्ष्ण आवाज सरळ रेषेत जातो, तो गुडघ्याला लागतो. कानाला येतो तो फक्त घुमा आवाज. मग मुलगा ट्रेबल वाढवतो, व्हॉल्यूम वाढवतो, आणि पहिल्या रांगेतले आजी-आजोबा कानावर हात ठेवतात. उपाय फुकटचा आहे. ॲम्प भक्कम खुर्चीवर ठेवा किंवा मागे कलता करा, म्हणजे स्पीकरचं तोंड तुमच्या कानाकडे येईल. व्हॉल्यूम आपोआप उतरतो. घरातही हेच करा. जमिनीला टेकलेला ॲम्प खालच्या मजल्याच्या छतातून वाजतो.

आपल्याकडे पुष्कळ जण पिकअप बसवलेली अकॉस्टिक गिटार वाजवतात. इलेक्ट्रिक गिटारच्या ॲम्पचा स्पीकर साधारण ५,००० हर्ट्झच्या वर फारसं काही देत नाही. इलेक्ट्रिक गिटारला ते मानवतं; अकॉस्टिकची चमक, कीबोर्ड आणि गाणाऱ्याचा गळा मात्र त्यात गुदमरतो. अशांनी ट्वीटर असलेला अकॉस्टिक ॲम्प किंवा छोटा पीए स्पीकर घ्यावा.

आता जिवाशी गाठ असलेली गोष्ट: अर्थिंग. गिटारच्या तारा ॲम्पमार्फत अर्थला जोडलेल्या असतात. ॲम्पचं किंवा माइकच्या सिस्टिमचं अर्थिंग बिघडलेलं असेल, तर हात तारेवर आणि ओठ माइकवर असताना शरीरातून वीज जाऊ शकते. १९७२ मध्ये वेल्समधल्या स्वान्झी शहरात लेस हार्वी हा गिटारवादक असाच स्टेजवर विजेच्या धक्क्याने मरण पावला. आपले मांडव तर पावसापाण्याचे. तीन पिनांच्या प्लगची जाड पिन कधीही काढू नका. ॲम्प आणि साउंड सिस्टिम एकाच अर्थिंगवर घ्या आणि त्या लाइनला ३० मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) आहे का, हे मंडळाच्या वायरमनला विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

परदेशातले नातेवाईक प्रेमाने ॲम्प आणतात. अमेरिकेत वीज १२० व्होल्टची, आपल्याकडे २३० ची. मागच्या पाटीवर फक्त १२० लिहिलं असेल आणि तो सरळ आपल्या बोर्डात लावला, तर जळतो. त्याला पुरेशा क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. अडॅप्टरवर १०० ते २४० लिहिलं असेल तर चिंता नाही. जुना ॲम्प घेणं किफायतीचं आहे, मात्र प्रत्येक नॉब फिरवून खरखर ऐका, जॅक हलवून आवाज तुटतो का पाहा, स्पीकरचा कागद फाटला नाही ना ते बॅटरी मारून बघा.

आणि शेवटी ज्यांच्या कानांवर आपलं वादन पडतं, त्यांच्याविषयी. ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे आहेत. रात्री १० ते सकाळी ६ बंदिस्त सभागृहाबाहेर ॲम्प वाजवता येत नाही. सरकारने ठरवलेल्या मोजक्या दिवशी रात्री १२ पर्यंत सवलत असते. शाळा, रुग्णालयं, न्यायालयांच्या परिसरात नियम अधिक कडक. आपल्या ठाण्याचेच डॉ. महेश बेडेकर यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये या नियमांच्या कडक अंमलबजावणीचे आदेश दिले. वादकाने हे नियम शत्रू मानू नयेत. हळू वाजवताना ज्याचं वादन सुरेल लागतं, त्याला मोठ्याने वाजवण्याचा अधिकार आपोआप मिळतो.

मुलांना मी सांगतो, जागा पाहून ॲम्प घ्या. मोठ्यांना एक विनंती आहे. तुमच्या सोसायटीचं सभागृह, मंडळाचं कार्यालय, शाळेचा एखादा वर्ग आठवड्यातून दोन संध्याकाळी या मुलांना रियाजासाठी उघडून द्या. आवाजाची तक्रार तिथेच निम्मी मिटेल, आणि येत्या दिवाळी पहाटला वाजवणारी पोरं तयार होऊन स्टेजवर येतील. सभागृहाची किल्ली कुणाकडे असते, हे आज घरी जाताना विचारा.