वीतभर थराची दौलत



मृदाशास्त्राच्या अभ्यासकाला तुम्ही जांबोटीच्या या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद दिलेत. हा मान मी मातीचाच समजतो आणि तिच्याविषयीच बोलतो. माझे म्हणणे एवढेच आहे : या डोंगरातली तांबडी माती निकस नाही. तिची दौलत वरच्या वीतभर थरात आहे आणि तो थर राखणे हे आपल्या पिढीचे काम आहे.

माती म्हणजे खडकाचा चुरा, असे फार काळ मानले जाई. रशियातील वसिली दोकुचायेव यांनी १८८३ साली आपल्या देशातल्या काळ्या मातीवर ग्रंथ लिहिला आणि मातीलाही जन्म आणि वाढ असते, हे दाखवून दिले. १९४१ साली हान्स येनी यांनी तिला घडवणारे पाच घटक सूत्रात मांडले : मूळ खडक, हवामान, सजीव, जमिनीचा चढउतार आणि काळ.

हे पाचही घटक तुम्हाला तुमच्याच मुलखात पाहता येतील. मलप्रभा नदी जवळच कणकुंबीला, सुमारे ७९२ मीटर उंचीवर उगम पावते आणि ३०४ किलोमीटर वाहत जाऊन कूडलसंगमला कृष्णेला मिळते. उगमापाशी वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. पुढे पूर्वेला सौंदत्तीकडे तो सहाशेच्या आसपास येतो. खडक ठिकठिकाणी वेगळा आहेच, पण मातीत एवढा फरक पाडला तो मुख्यतः पावसाने.

इथे डोंगरात हजारो पावसाळ्यांनी खडकातले चुना, मॅग्नेशियम, पोटॅश धुऊन नेले. सिलिकाही बरीचशी गेली. मागे राहिली लोह आणि अॅल्युमिनियमची ऑक्साइडे. लोहाने मातीला तांबडा रंग दिला. सड्यावर तीच द्रव्ये घट्ट होऊन जांभा झाला. ही झीज आणखी पुढे गेली की बॉक्साइट, म्हणजे अॅल्युमिनियमचे खनिज, तयार होते. बेळगावजवळ यमनापूरला अॅल्युमिनाचा कारखाना उभा राहिला, त्यामागे सह्याद्रीच्या सड्यांवरचा हाच इतिहास आहे. पूर्वेला पाऊस कमी, म्हणून चुना आणि सिलिका जागीच राहिली. त्यांतून घडलेली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. बैलहोंगल-सौंदत्तीचे काळे रान ते हेच.

उताराचे कामही याच शिवारात दिसते. माथ्यावर कातळ उघडा, उतारावर पातळ भरड जमीन, आणि तळाला वाहून आलेल्या बारीक कणांची खोल खाचरे. म्हणून वर काजू आणि खाली भात, ही वाटणी आपल्या पूर्वजांनी माती ओळखून केली. खानापूरला खादी व ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची प्रशिक्षण संस्था आहे, तीही इथल्या चिकणमातीच्या गुणामुळेच.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. काळी माती आपल्या चिकणकणांवर अन्नद्रव्ये धरून ठेवते. तांबड्या मातीची ती ताकद फार कमी. ती आम्लधर्मी असते आणि स्फुरद तिच्यातल्या लोहात अडकून पडतो. मग याच डोंगरातले भीमगडचे एवढे घनदाट रान कशावर उभे आहे? ते उभे आहे पालापाचोळ्यावर. पान गळते, वाळवी, गांडूळ, बुरशी ते कुजवतात आणि त्यातली द्रव्ये पाण्याबरोबर निघून जाण्याआधीच मुळे उचलून घेतात. गांडुळांच्या या कामावर चार्ल्स डार्विन यांनी १८८१ साली स्वतंत्र पुस्तक लिहिले. हे सारे चक्र वरच्या थरात फिरते. झाडे तोडली, उतार नांगरून उघडा टाकला, की आषाढातल्या काही सरी तो थर नेतात. खाली उरतो मुरूम. वाहून गेलेली तीच माती पुढे मलप्रभेवरच्या नवीलुतीर्थच्या धरणात गाळ होऊन बसते. इथल्या शेतकऱ्याचे नुकसान तिथल्या शेतकऱ्याचेही नुकसान ठरते.

असा एक सेंटिमीटर थर घडायला शेकडो वर्षे लागतात. तोच आपण वीटभट्टीसाठी ट्रॉलीच्या भावाने विकतो. गरज मी जाणतो. पण विकणाऱ्या हाताला ही किंमत कोणीतरी सांगायला हवी. उपाय आपल्या आवाक्यातले आहेत : उताराला आडवे बांध, बांधावर झाडे, पाचोळा न जाळता कुजवणे, ताग-धैंचा पेरून गाडणे, शेणखत, आणि माती तपासून गरजेपुरता चुना.

आणि साहित्यिकांचे काम? आपल्या कथा-कवितांत माती पुष्कळ आहे, पण ती बहुतेकदा आई म्हणून, गंध म्हणून येते. तिची जात, तिची खोली, तिचे आजार आपण फारसे लिहिले नाहीत. कोणत्या रानाला वाफसा कधी येतो, कोणते खाचर पाणी धरते, कोणत्या उतारावर पूर्वी काय पिकत होते, हे जुन्या शेतकऱ्यांना तोंडपाठ आहे. ते कागदावर आले नाही, तर त्यांच्याबरोबरच जाईल.

म्हणून माझी विनंती आहे. प्रत्येक गावच्या शाळेने एक खड्डा खणावा, मुलांनी मातीचे थर मोजावेत, रंग नोंदवावेत, आजोबा-आजींना विचारून शिवाराची माहिती मराठीत लिहून काढावी. संमेलनाच्या दरवर्षीच्या स्मरणिकेत एका गावाची अशी नोंद छापावी. पहिली नोंद जांबोटीची असावी. ती तपासून देण्याची जबाबदारी मी आज तुमच्यासमोर स्वीकारतो.