फ्यूज मोठा करू नका
(माधवनगर येथे दिलेले व्याख्यान)



ऐन उन्हाळ्यात माधवनगरात गाडीच्या हीटरवर व्याख्यान कशाला, असं काहींना वाटलं असेल. पण आषाढात आंबोलीचा घाट चढताना आठवून पाहा. गाडीत चार माणसं, बाहेर धो धो पाऊस, म्हणून काचा बंद. समोरची काच आतून धुरकटते आणि चालवणारा एका हातानं फडकं फिरवत राहतो. त्या वेळी काचेवर गरम हवा सोडणारा ब्लोअर चालायलाच हवा. म्हणून हे वायरिंग मी चैनीच्या यादीत धरत नाही, ब्रेकच्या खालोखाल धरतो.

1983 साली आलेल्या मारुती 800 सारख्या छोट्या गाड्यांत हीटरची ऊब विजेची नसते. इंजिनातलं तापलेलं पाणी डॅशबोर्डमागच्या लहान रेडिएटरमधून फिरतं. वीज लागते ती त्यातून हवा ढकलणाऱ्या पंख्याला. पंखा हळू फिरवायचा तर वाटेत रेझिस्टर येतो. तो तापतो, म्हणून त्याला हवेच्या झोतातच बसवतात. सगळ्यात वरच्या नंबरला मात्र वीज रेझिस्टर टाळून जाते. तेव्हा ब्लोअर फक्त फुल्लवर चालत असेल, तर मोटर शाबूत आहे. आधी रेझिस्टर आणि त्याचा कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लास्टिकचा प्लग, पाहावा.

आता खरा मुद्दा. 12 व्होल्टवर हा पंखा 10 अँपिअर घेतो असं धरू. कपलरमधली एक पिन सैल झाली किंवा तिच्यावर गंज चढला आणि तिथं 0.2 ओहम अडथळा तयार झाला, तर त्या एका टोकावर 20 वॅटपर्यंत उष्णता निर्माण होते. बारीक सोल्डरिंग आयर्न जवळपास तेवढ्यावरच चालतं! प्लास्टिक वितळू लागतं आणि फ्यूज मात्र शांत असतो, कारण प्रवाह वाढलेलाच नसतो, उलट थोडा कमी झालेला असतो. फ्यूज उडतो तो नंतर, वायरीचं आवरण जळून तांबं बॉडीला टेकलं की. अशा वेळी त्या जागी मोठा फ्यूज किंवा तांब्याची तार घालणं म्हणजे शेवटचा पहारेकरी हाकलून देणं आहे. हे मी कळकळीनं सांगतो, कारण पेट्रोलच्या गाडीत माणसं बसलेली असतात.

पिनांवर गंज चढवणाऱ्या पुराची आठवण आपल्या भागाला वेगळी द्यायला नको. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं. 2021 च्या जुलैत पुन्हा पूर आला. पाण्यात बुडालेली गाडी धुऊन, वाळवून सुरू होते, पण कपलरच्या आत राहिलेला ओलावा तांब्यावर हिरवा थर चढवत राहतो. खोड महिन्यांनी उघडी पडते. जुनी गाडी घेताना कपलर उघडून पाहायला सांगा, त्यात संकोच नको.

दोष शोधताना टेस्ट लॅम्पवर पूर्ण भिस्त ठेवू नये. लहानशा दिव्याला इतका कमी प्रवाह लागतो की खराब सांध्यातूनही तो छान पेटतो. ब्लोअर फुल्लवर चालू ठेवून मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी ब्लोअरच्या अर्थिंगच्या वायरीला लावावी. काटा 0.1-0.2 व्होल्टच्या आत राहिला तर अर्थिंग ठीक. तिथं दोन व्होल्ट दिसले, तर चोर सापडला.

दुरुस्ती करताना आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढावा. काळी पडलेली वायर चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापावी, तेवढ्याच जाडीची जोडावी आणि सांधा नीट दाबून वर हीट श्रिंक चढवावी. नुसता पीळ आणि टेप नको, टेपचा डिंक उन्हानं सुटतो. कपलर दोन्ही बाजूंचा बदलावा, कारण तापलेल्या पिनेची पकड परत येत नाही. वायरमन या कामाला दुपार लावत असेल तर घाई करू नका. त्याच्या हाताचे पैसे द्या.

मृग लागण्याआधी एकदा ब्लोअर सगळ्या नंबरांवर चालवून पाहा. जळका वास आला, तर त्याच दिवशी गाडी वायरमनकडे न्या.