रिपोर्ट नॉर्मल आहे, मग दुखतंय ते काय?
(कार्यकर्त्यांच्या आरोग्य शिबिरातील भाषणाचा संक्षेप)



हृदयविकार हा पुरुषांचा आजार, अशी समजूत फक्त आपल्या घरांतच नव्हती. अमेरिकेत हृदयविकारावर अ‍ॅस्पिरिनचा उपयोग तपासला, तेव्हा २२,०७१ डॉक्टर निवडले. सगळे पुरुष! तो अहवाल १९८९ सालचा. बाईच्या धाप, मळमळ, पाठदुखी, थकवा या तक्रारींना आजही ‘पित्त’ नाहीतर ‘टेन्शन’ म्हणून वाटेला लावलं जातं.

पट्ट्यावर चालवून काढलेला कार्डिओग्राम बायकांच्या बाबतीत जास्त वेळा फसवा निघतो. म्हणून सीटी अँजिओग्राफी समजून घेऊ. हाताच्या शिरेतून औषध सोडतात, गरज पडल्यास नाडी मंद करणारी गोळी देतात, आणि काही सेकंद श्वास रोखायला लावून हृदयाच्या रक्तवाहिन्यांची चित्रं घेतात. वाहिनी कुठे अरुंद झाली, कुठे चरबीचा थर साठला, ते दिसतं. हृदयापर्यंत नळी घालावी लागत नाही.

स्कॉटलंडमध्ये छातीत दुखणाऱ्या ४,१४६ स्त्री-पुरुषांचा अभ्यास झाला. पाच वर्षांचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. नेहमीच्या तपासणीनंतर शंभरात ३.९ जणांना झटका किंवा हृदयविकाराने मृत्यू आला; जोडीला सीटी केलेल्यांत २.३ जणांना.

पण यात किरणोत्सर्ग आहे, तोही स्तनांवरून जाणारा. त्रास नसताना ‘पॅकेज’मध्ये मिळते म्हणून ही तपासणी करू नये. गरोदरपण, मूत्रपिंडाचा आजार, अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगावं. आणि झटक्याची शंका आली तर सीटीची वाट न बघता ताबडतोब रुग्णालय गाठावं.

आता सर्वांत महत्त्वाचं. अमेरिकेत १९९६ मध्ये सुरू झालेल्या ‘वाइज’ अभ्यासात दिसलं, की छातीत दुखणाऱ्या अनेक बायकांच्या मोठ्या रक्तवाहिन्या मोकळ्या होत्या. दोष होता बारीक वाहिन्यांत. त्या बारीक वाहिन्या सीटीत दिसत नाहीत. म्हणजे रिपोर्ट नॉर्मल आला, म्हणून बाई नाटक करते असं होत नाही.

तेव्हा आपल्या गटातली बाई दवाखान्यात जाईल तेव्हा तिच्यासोबत एक जण जा. तिची तक्रार तिच्याच शब्दांत केसपेपरवर लिहायला लावा. आणि रिपोर्ट हातात आला की विचारा: ‘डॉक्टर, मग दुखतंय कशामुळे?’ उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.