पोटातलं रसायन आणि वजनाचं ऑपरेशन

(रौप्यमहोत्सवी वर्षात सोसायटीच्या हॉलमध्ये दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवत आले, म्हणून विषयही माझ्याच खात्यातला घेतलाय. वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालेली माणसं आता काही सोसायट्यांमध्ये असतात. त्यांच्यामागे एक वाक्य हमखास ऐकू येतं : "जिभेवर ताबा नाही, म्हणून पोट कापून घेतलं." हे वाक्य शास्त्राला धरून नाही. ते का, एवढंच आज सांगायचंय.

या ऑपरेशनचे दोन प्रकार जास्त होतात. 'स्लीव्ह'मध्ये जठराचा सुमारे ८० टक्के भाग काढून टाकतात. 'बायपास'मध्ये जठराची लहानशा लिंबाएवढी पिशवी करून ती लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. पूर्वी समज असा, की खाणं कमी, शोषण कमी, म्हणून वजन कमी. पण १९९५ साली अमेरिकेतले सर्जन वॉल्टर पोरीज यांनी आपल्या बायपासच्या पेशंटांचा अनुभव प्रसिद्ध केला. मधुमेह असलेल्या बऱ्याच जणांची साखर काही दिवसांतच उतरली होती, वजन मात्र अजून उतरायचं होतं! यात सुरुवातीच्या अगदी थोड्या खाण्याचा वाटा आहेच. पण तेवढ्यानं हिशेब पुरा होत नाही.

उरलेला हिशेब आतड्यातल्या रसायनांचा. बायपासनंतर अन्न आतड्याच्या खालच्या भागात लवकर पोचतं. तिथल्या पेशी 'जीएलपी-१' नावाचं हार्मोन भरपूर सोडतात. त्यानं इन्सुलिन वाढतं आणि पोट भरल्याचा निरोप मेंदूला जातो. हल्ली वजनाची जी इंजेक्शनं गाजताहेत, ती याच हार्मोनची नक्कल आहेत.

दुसरी गोष्ट पित्ताम्लांची. तूप-तेल पचवणं हे त्यांचं जुनं काम, पण ती निरोप्याचंही काम करतात. बायपासनंतर रक्तातलं त्यांचं प्रमाण वाढतं. पित्ताम्लांचा निरोप घेणारं एक प्रथिन ज्यांच्यात नव्हतं, अशा उंदरांवर स्लीव्ह केली, तर तिचा बराचसा फायदा झालाच नाही. हा प्रयोग २०१४ सालचा.

तिसरे आपले भाडेकरू, म्हणजे आतड्यातले जिवाणू. भाजी-डाळीतला चोथा आंबवून ते ॲसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट ही छोटी आम्लं तयार करतात. त्यांचा भूक, साखर आणि आतड्याच्या अस्तराशी संबंध आहे. २०१३ मध्ये बायपास केलेल्या उंदरांचे जिवाणू जंतुरहित उंदरांना दिले, तर ऑपरेशन न होताच त्यांचं वजन घटलं. माणसाचं गणित इतकं सोपं नाही, पण दिशा कळते.

म्हणजे भूक हा नुसता मनोनिग्रहाचा प्रश्न नाही. मात्र ऑपरेशन ही जादूही नव्हे. क्लीव्हलँड क्लिनिकनं मधुमेहाच्या १५० पेशंटांवर केलेल्या अभ्यासात पाच वर्षांनी तीन महिन्यांची सरासरी साखर ६ किंवा त्याखाली होती, ती बायपासवाल्यांत २९ टक्के, स्लीव्हवाल्यांत २३ टक्के आणि फक्त औषधं घेणाऱ्यांत ५ टक्के लोकांची. फरक मोठा आहे. पण शंभरातल्या सत्तरांहून जास्त जणांना ती रेघ गाठता आली नाही, हेही तितकंच खरं. शिवाय बी-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व आयुष्यभर सांभाळावं लागतं. "आता बरं वाटतंय" म्हणून गोळ्या आणि रक्ततपासणी बंद करू नका. उलट्या थांबत नसतील तर लगेच डॉक्टरांकडे जा. बी-१ कमी पडलं तर मज्जासंस्थेला इजा होते. घरच्यांनीही यावर लक्ष ठेवायला हवं.

शेवटी एक विनंती. रौप्यमहोत्सवाचं स्नेहभोजन जवळ आलंय. पंगतीत आग्रह करणं आपल्या रक्तात आहे. पण ऑपरेशन झालेल्या माणसाच्या ताटात जिलबी वाढून "एवढ्यानं काय होतंय" म्हणू नका. काहींना एवढ्या गोडानंही घाम फुटतो, धडधडतं, चक्कर येते. त्यांना सावकाश, चार घास जेवू द्या, आणि गप्पा मात्र पोटभर मारा!