सायकलवरचा दूरचा प्रवास आणि सोबत

इचलकरंजीपासून कोल्हापूर सुमारे ३० किलोमीटर आहे. सायकलवरून हे अंतर तोडणारा सशक्त तरुण दोन तासांत कोल्हापुरास पोचतो, आणि सायंकाळी परत आला की पाय दुखत असल्याची तक्रार करून घरच्यांकडून कौतुक करून घेतो. हेच अंतर दोन हजार तीनशेंहून अधिक वेळा तोडावयाचे, आणि तेही बव्हंशी परमुलखातून, असे कोणी म्हणाला तर ऐकणारे त्यास वेड्यात काढतील. परंतु १९२३ साली मुंबईच्या सहा तरुणांनी असे वेड घेतले. आणि त्यांपैकी तिघांनी सुमारे ७१,००० किलोमीटरांची जगप्रदक्षिणा पुरी करून दाखविली.

आदी हकीम, जाल बापासोला, रुस्तम भूमगरा, गुस्ताद हाथीराम, केकी पोचखानवाला आणि नरिमान कापडिया ही त्या सहा मित्रांची नावे. सर्व पारशी, सर्व विशीच्या घरातले, आणि सर्व ‘बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लब’चे सभासद. युरोपातून पायी चालत हिंदुस्थानात आलेल्या एका फ्रेंच गृहस्थाचे व्याख्यान १९२० साली मुंबईच्या ओव्हल मैदानावर झाले होते. त्या व्याख्यानाने ह्या कल्पनेचे बीज पेरले. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहाही जणांनी मुंबई सोडली.

अशा सफरीचे वर्णन ऐकताना आपले लक्ष वाळवंट, पर्वत आणि दरोडेखोर यांकडे सहज जाते. वस्तुतः दूरच्या सफरीचा पाया तिच्या पहिल्या काही आठवड्यांत घातला जातो, आणि त्यात शरीराचा वाटा मानला जातो तितका मोठा नाही. सीटवर बसून अंग ठेचाळते, तळहातांस फोड येतात, गुडघे भरतात. पण ही दुखणी पंधरा दिवसांत निवतात. मनाची गोष्ट निराळी. सहा माणसांच्या सहा चाली असतात. एकास पहाटे निघावेसे वाटते, दुसऱ्यास उन्हे वर आल्यावाचून जाग येत नाही. एकाच्या ट्यूबमध्ये काटा शिरला की सहा जणांना थांबावे लागते. जो पुढे गेला त्याने मागच्यासाठी थांबायचे की नाही, आणि थांबल्यावर कपाळाला आठी घालायची की नाही, हा प्रश्न क्षुल्लक दिसतो. पण सफर तरते की बुडते ते अशाच प्रश्नांवर.

इचलकरंजीच्या लोकांस ही गोष्ट फोड करून सांगण्याचे कारण नाही. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी ह्या गावात पहिला यंत्रमाग बसविला, आणि पुढे मागांच्या पाळ्यांबरोबर सायकल हे येथील कामकऱ्याचे वाहन झाले. दोघे मित्र एकाच सायकलवरून डबलसीट निघतात. चढ लागला की मागे बसलेला न सांगता खाली उतरतो आणि सायकलीला हात देत चालू लागतो. सोबतीचे सारे शास्त्र त्या न सांगता उतरण्यात आहे.

मुंबईचे मित्र पंजाब आणि बलुचिस्तान ओलांडून इराणात शिरले. तेहरान येथे पहिली गळती झाली. काही खाजगी कारणामुळे नरिमान कापडिया तेथून मायदेशी परतले. सहांचे पाच झाले. प्रवासाच्या आरंभीच एक मित्र माघारी जावा, ही घटना लहान नव्हे. परतणाऱ्याच्या मनाला अपुरेपणाची टोचणी असते, आणि पुढे जाणाऱ्यांच्या मनात ‘आपणही परतावे काय’ हा विचार डोके वर काढतो. अशा वेळी जो परतणाऱ्यास भित्रा म्हणतो तो आपल्याच मनातील भीती झाकीत असतो. उरलेल्या पाचांनी वाट सोडली नाही.

पुढे बगदादपासून अलेप्पोपर्यंतचे ९५६ किलोमीटरांचे वाळवंट त्यांनी २३ दिवसांत पार केले. हिशेब केला तर दिवसास सुमारे ४२ किलोमीटर पडतात. इचलकरंजी-कोल्हापूरची जा-ये करणारा तरुण ह्याहून अधिक अंतर एका दिवसात तोडतो! पण वाळूत सायकलीचे अरुंद चाक रुतते, आणि जे वाहन माणसास वाहून न्यावयाचे तेच माणसास ओढावे लागते. पारा ५७ अंशांवर गेलेला, घसा कोरडा, कातडी भाजलेली, आणि आसरा काय तो अरबांच्या तंबूंचा. अशा ठिकाणी पाण्याचा प्रत्येक घोट हा सर्वांच्या मालकीचा असतो. त्या घोटाची वाटणी शांतपणे करण्याची सवय वाळवंटात येऊन लागत नाही. ती घरापासून निघाल्यावर पहिल्या मुक्कामापासून लावून घ्यावी लागते.

तेथून पुढे युरोप झाला, अमेरिका झाली, जपान, कोरिया आणि चीन झाले. गुस्ताद हाथीराम अमेरिकेतच राहिले. पोचखानवालाही शेवटपर्यंत राहिले नाहीत. १८ मार्च १९२८ रोजी, म्हणजे ४ वर्षे ५ महिन्यांनी, हकीम, बापासोला आणि भूमगरा हे तिघे मुंबईस परतले. १९३१ साली त्यांनी आपला वृत्तांत इंग्रजीत पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला.

ह्याच्या उलट उदाहरण फ्रामरोझ दावर यांचे. हे मुंबईचे गृहस्थ १९२४ साली एकटेच सायकलवर निघाले. व्हिएन्ना येथे त्यांस गुस्ताव नावाचा एक ऑस्ट्रियन सायकलपटू भेटला. देश निराळा, धर्म निराळा, मातृभाषा निराळी. तथापि पुढे वर्षानुवर्षे दोघे बरोबर हिंडले. सहारा आणि ॲमेझॉनचे खोरे त्यांनी एकमेकांच्या सोबतीने ओलांडले. सहा निघाले त्यांपैकी तीन परतले, आणि एकटा निघाला त्यास जोडीदार मिळाला. सोबत ही निघतानाच गाठीस बांधून नेण्याची शिदोरी नव्हे. ती वाटेवर रोज नव्याने रांधावी लागते.

आज खिशातला फोन रस्ता दाखवितो, आणि घरच्यांस मुलगा कोठे आहे हे घरबसल्या कळते. तरीही आपला मुलगा वा मुलगी मित्राबरोबर दूरच्या सफरीस निघते म्हणाली, की सायकल कोणती आणि पैसे किती ह्या चौकशीबरोबर आणखी एक चौकशी वडीलधाऱ्यांनी अवश्य करावी. दोघांपैकी मागे कोण पडते, आणि तो मागे पडला म्हणजे दुसरा काय करतो? ह्याचे उत्तर समाधानकारक असेल, तर खुशाल निरोप द्यावा.